शिंकताना लघवी होते, हॉस्पिटलमध्ये नवीन डिव्हाइसच्या ट्रायलमध्ये येता का विचारलंय, जाऊ का?

भांडुपची_मी

मैत्रिणींनो, हे लिहायला चार दिवस लागले, घरी कोणाशी नीट बोलता येत नाही म्हणून इथे विचारतेय. वय ४७, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, दुसऱ्या वेळी मुलगा पावणेचार किलोचा होता आणि टाके पण बरेच पडले होते. गेली तीन-चार वर्षं शिंक आली, खोकला आला, जोरात हसले की लघवी होते. आधी थेंब-दोन थेंब असायचं आता पॅड लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. रोज भांडुप ते सीएसएमटी, ट्रेन पकडायला जिन्यावरून जरा धावले की झालंच, म्हणून सकाळचा चहा सोडला आणि ऑफिसला पोचेपर्यंत पाण्याचा घोट पण घेत नाही.

आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे, नऊ वर्षं खेळतेय. गेल्या श्रावणात फुगडी घालताना साडी भिजली, मी पाय मुरगळला असं सांगून बाजूला बसले आणि यंदा तालमीलाच गेले नाही. सासूबाई म्हणतात दोन पोरं झाल्यावर असं व्हायचंच, आम्ही जुनेर घ्यायचो आणि कामाला लागायचो.

शेवटी मागच्या महिन्यात गायनॅकला दाखवलं. लघवीची तपासणी, शुगर, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. म्हणाल्या स्ट्रेस इनकॉन्टिनन्स आहे (मला आधी वाटलं टेन्शनमुळे होतं असं म्हणतायत). मग म्हणाल्या आमच्याकडे एका डिव्हाइसची चाचणी सुरू आहे, सिलिकॉनचा छोटा फुगा असतो तो आत ठेवायचा, ब्लूटूथने मोबाईलला जोडायचा आणि स्नायू आवळले की स्क्रीनवर दिसतं. १२ आठवडे करायचं. पण निम्म्या बायकांना डिव्हाइस मिळणार आणि निम्म्यांना नुसते व्यायाम, ते कॉम्प्युटर ठरवणार. हातात १४ पानं इंग्रजीत दिली आणि गुरुवारी सही करायला या म्हणाले. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पॅड टेस्ट म्हणजे काय? आणि नुसत्या व्यायामाच्या गटात पडले तर तीन महिने फुकटच जाणार ना? कोणी असं केलंय का?

फिजिओ_परळ

ताई, आधी हे सांगते की लिहिलंत ते फार बरं केलंत. मी याच कामात आहे, बायका सहा-सात वर्षं काढतात आणि मग येतात, तोवर पाणी तोडून तोडून बद्धकोष्ठ झालेलं असतं आणि कुंथल्यामुळे हेच दुखणं आणखी वाढतं. तुमचं पाणी आधी सुरू करा. चहा कमी केलात ते चालेल, पाणी नको तोडू.

स्ट्रेस म्हणजे इथे पोटातला दाब. शिंक आली की तो एकदम वाढतो आणि मूत्राशयावर येतो, खालचे स्नायू झोळीसारखे असतात, ती झोळी बाळंतपणात सैल झाली की मूत्रमार्गाला आधार मिळत नाही आणि लघवी निसटते. अचानक जोरात लागते आणि संडासची कडी उघडेपर्यंत दम निघत नाही, तो प्रकार वेगळा, त्याचा उपचार पण वेगळा. काहींना दोन्ही असतं. तुम्हाला तसं होतं का ते ट्रायलवाल्यांना नक्की सांगा कारण त्यावरून तुम्हाला घेतील की नाही ते ठरू शकतं.

आता डिव्हाइस. कल्पना जुनी आहे, अमेरिकेतल्या डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्येच या व्यायामाबद्दल लिहिलं तेव्हा सोबत दाब मोजायचं यंत्र पण वापरलं होतं, म्हणजे बाईला स्वतःला काटा हलताना दिसावा. तेच आता मोबाईलवर आलंय. का लागतं असं यंत्र, तर माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी आवळतेय आवळतेय म्हणतात आणि प्रत्यक्षात श्वास कोंडून पोट आत ओढत असतात नाहीतर उलट खाली जोर देत असतात. गॅस अडवताना आपण जसं आत आणि वर खेचतो तसं व्हायला हवं. पण एक लक्षात ठेवा, नुसता दाब मोजणारा फुगा असेल तर खाली जोर दिला तरी आकडा वाढतो! म्हणून डिव्हाइस देण्याआधी कोणी हाताने तपासून बरोबर आवळता येतंय का बघणार आहे का, हे पहिलं विचारा. याचं उत्तर नाही आलं तर मी दोनदा विचार करीन.

आणि व्यायामाच्या गटात पडलात तर फुकट अजिबात जाणार नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला, ६०० बायका होत्या, निम्म्यांना नुसते व्यायाम आणि निम्म्यांना व्यायाम अधिक स्नायूंचं काम स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांत लघवी निसटण्यात फरक दिसला नाही. दोन्हीकडे नीट शिकवणारी व्यक्ती होती हे मात्र महत्त्वाचं. त्यामुळे तुम्हाला कुठला गट मिळतो त्यापेक्षा तुम्हाला कोण शिकवतंय आणि तुम्ही रोज करता का हे बघा. एका वेळी निदान ८ वेळा आवळायचं, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका. शिंक येतेय असं वाटलं की शिंकायच्या आधी आवळून धरायचं, हे आजपासूनच करून बघा.

सोनचाफा

भांडुपची_मी, अगं तुझी फुगडीची गोष्ट वाचून डोळ्यात पाणी आलं, माझं हळदीकुंकवाला झालं होतं.

मी तीन वर्षांपूर्वी अशाच एका ट्रायलमध्ये होते, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पॅड टेस्टला घाबरू नकोस, मी रात्रभर झोपले नव्हते आणि त्यात दुखण्यासारखं काहीच नाही. आधी वजन केलेलं कोरडं पॅड देतात ते लावायचं, अर्धा लिटर पाणी पंधरा मिनिटांत प्यायचं, मग अर्धा तास चालायचं, त्यात एक मजला जिना चढउतार पण करायचा. मग दहा वेळा बसायचं-उठायचं, दहा वेळा जोरात खोकायचं, एक मिनिट जागच्या जागी धावायचं, पाच वेळा वाकून जमिनीवरची वस्तू उचलायची आणि शेवटी एक मिनिट नळाखाली हात धुवायचे. तासाभराने पॅड परत काट्यावर. एक ग्रॅमपेक्षा वजन वाढलं की गळती आहे असं धरतात, माझं पहिल्या दिवशी १४ ग्रॅम आलं. मला इतकी लाज वाटली की मी रडले, पण तिथली सिस्टर म्हणाली मॅडम तो नुसता आकडा आहे, तीन महिन्यांनी हाच परत बघायचाय ना. खरं सांगते, तोपर्यंत मला कोणीच विचारलं नव्हतं की किती होतं, कधी होतं. तो काटा बघून पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.

डायरी पण असते, तीन दिवस किती प्यायलो, किती वेळा गेलो, कधी निसटली ते सगळं लिहायचं. मी ती खोटी लिहिली होती, कमी दाखवली, तू तसं करू नकोस, मग मलाच दुसऱ्या वेळी तुलना करता येईना.

मला डिव्हाइस नव्हतं मिळालं. दोन दिवस रुसून बसले होते. पण दर आठवड्याला फिजिओ फोन करायची आणि १२ आठवड्यांनी ५ ग्रॅम आलं. पूर्ण बंद झालं नाही. अजून सर्दी झाली की पॅड लावते, पण लोकलमध्ये आता रोज लावत नाही. डिव्हाइसवाल्या गटातली एक जण वेटिंगमध्ये भेटायची, तिला पहिले दोन आठवडे आत टोचल्यासारखं व्हायचं, पाळी गेल्यामुळे कोरडेपणा होता, डॉक्टरांनी क्रीम दिल्यावर जमलं. तुझी पाळी सुरू आहे का, कॉपर टी आहे का, अंग बाहेर येतंय असं वाटतं का, हे सगळं न लाजता सांग.

मोगरा_ठाणे

फक्त एवढंच, ट्रायल सोडून त्या लेझरच्या जाहिरातींच्या नादी लागू नका कोणी. माझ्या बहिणीने खूप पैसे घातले आणि काही उपयोग झाला नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१८ मध्येच इशारा दिलाय की अशी लेझर मशिन लघवीच्या तक्रारीसाठी सुरक्षित आणि उपयोगी आहेत हे सिद्ध झालेलं नाही.

शाळेच्या_बाई

मी निवृत्त शिक्षिका, एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायल तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून बसते. अशा कमिटीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती, आमच्यासारखी बाहेरची व्यक्ती आणि निदान एक बाई असावीच लागते, आणि तुमच्यासारख्यांना दिला जाणारा कागद वाचणं हे आमचं कामच आहे. म्हणून तुमच्या पोस्टमधलं ते १४ पानं इंग्रजीतलं वाक्य वाचून मला राग आला. जी भाषा कळते त्या भाषेत माहितीपत्रक मिळणं हा तुमचा हक्क आहे, मराठीतलं मागा आणि ते घरी न्या, वाचा, मग सही. गुरुवारीच करायला पाहिजे असं काही नाही. सही केल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

त्यात सीटीआरआयचा नंबर असेल, ही आपल्या देशातली ट्रायल्सची नोंदवही, २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. नंबर टाकून मोबाईलवर फुकट बघता येतं, पैसे कोण लावतंय, किती बायका घेणार, शेवटी काय मोजणार सगळं दिसतं. कंपनीचे पैसे असले म्हणजे वाईटच असं नाही, पण ते माहीत असावं. मग बघा की डिव्हाइसमुळे इन्फेक्शन किंवा इजा झाली तर उपचार आणि नुकसानभरपाई कोण देणार हे स्पष्ट लिहिलंय का. मध्येच सोडावंसं वाटलं तर कारण न देता सोडता येतं आणि त्यामुळे त्या हॉस्पिटलमधले तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. कमिटीच्या मेंबर सेक्रेटरीचा फोन नंबर पण कागदावर असतो. फोन करा, त्यासाठीच दिलेला असतो.

अजून एक, ते ॲप. तुमच्या शरीराची माहिती मोबाईलवरून कुठे जाते आणि त्यात तुमचं नाव असतं का, हे विचारा. बायकांच्या बाबतीत मला याची फार काळजी वाटते.

भांडुपची_मी

सगळ्यांची खरंच आभारी आहे. काल फोन केला, मराठी कागद होता त्यांच्याकडे! मला दिलाच नव्हता. आज लंच टाइममध्ये जाऊन आणला आणि येताना ट्रेनमध्ये वाचला, लेडीज डब्यात शेजारची बघत होती तरी वाचला. भरपाईचं लिहिलंय, सीटीआरआय नंबर पण सापडला. ॲपमध्ये नाव नाही, नुसता कोड नंबर. फिजिओ हाताने तपासणार का विचारलं तर कोऑर्डिनेटरला माहीत नव्हतं, संध्याकाळी तिने उलट फोन केला की हो, पहिल्या व्हिजिटला दोन्ही गटांना तपासणार आणि शिकवणार. मग मी सही पुढच्या गुरुवारी करते म्हणाले, आधी नवऱ्याला पण वाचायला दिलाय. त्याने वाचून विचारलं की तू पाय मुरगळला म्हणालीस ते यामुळे होतं का. हो म्हणाले.

गट कुठलाही मिळो, व्यायाम कालपासून सुरू केलेत, आठ वेळा धरताना सहाव्यालाच सुटतं.

फिजिओ_परळ

सहा तर सहा, आडवं पडून करा म्हणजे सोपं जाईल, मग हळूहळू बसून आणि उभं राहून. श्वास चालू ठेवा.

सोनचाफा

गुरुवारी जाताना एक जास्तीची सलवार ने आणि ट्रेनमध्ये पाणी पीत जा, रिकाम्या पोटी एकदम अर्धा लिटर प्यायला मला फार जड गेलं होतं. मी त्या बाजूलाच असते दुपारी, सोबत हवी असेल तर मेसेज कर.