मॅकबेथच्या संदर्भात ‘भाकीत’, ‘महत्त्वाकांक्षा’ आणि ‘हत्या’

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’विषयी मराठीत ‘भाकितामुळे महत्त्वाकांक्षा चेतून सरदाराने केलेली राजाची हत्या’ असे सर्रास लिहिले जाते. हे तिन्ही शब्द तेथे योग्य आहेत का? ‘महत्त्वाकांक्षा’ऐवजी ‘हाव’ अधिक नेमका ठरणार नाही का?

उत्तर : ‘भाकीत’ मला खटकते. भाकीत पावसाचे होते, निवडणुकीच्या निकालाचे होते. त्यामागे काहीतरी आडाखा असतो आणि ते चुकले की सांगणाऱ्याला आपण नावे ठेवतो. नाटकाच्या सुरुवातीला मॅकबेथला भेटणाऱ्या तीन चेटकिणी कसलाही आडाखा बांधत नाहीत. ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि पुढे होणारा राजा अशा तीन नावांनी त्या मॅकबेथचा जयजयकार करतात, एवढेच. तेव्हा ‘भविष्यवाणी’च हवी. गंमत अशी की, कॉडॉरची सरदारकी राजा डंकनने आधीच्याच प्रवेशात मॅकबेथला बहाल केलेली असते. म्हणजे प्रेक्षकाला जी जुनी बातमी आहे, तीच मॅकबेथला खरी ठरलेली वाणी वाटते आणि राजपदही आता हाताशी आलेच, असे त्याचे मन घेते. राजाला मारावे, असे त्या तिघींपैकी एकीनेही सुचवलेले नसते.

‘आकाशवाणी’ हा शब्द रेडिओने बळकावला नसता, तर त्याचाही विचार करता आला असता, कारण कंसाची कथा येथे उपयोगी पडते. कंसाने वाणी खोटी पाडण्यासाठी देवकीची मुले मारली. मॅकबेथ वाणी खरी करण्यासाठी डंकनला मारतो. मात्र त्याचा सहकारी सेनानी बँको याचे वंशज राजे होतील, असेही त्याच चेटकिणींनी सांगितलेले असते, आणि तेवढ्या भागापुरता मॅकबेथ सरळ कंसाच्या वाटेने जातो : बँको आणि त्याचा मुलगा फ्लीअन्स यांच्यावर तो मारेकरी घालतो. बँको मरतो, मुलगा निसटतो. चौथ्या अंकातील वचनांना मात्र मी ‘कूटवचने’ म्हणेन, कारण स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला इजा करू शकणार नाही, या वाक्यातली पळवाट त्याला अखेर मारणारा सरदार मॅकडफ आईचे पोट चिरून काढलेला होता हे कळेपर्यंत मॅकबेथच्या ध्यानातही येत नाही.

‘हाव’ मी सुचवणार नाही. हल्ली ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ म्हणून सरकारी पत्रकांतही त्या शब्दाचा गौरव होतो, त्यामुळे खुनी माणसाच्या बाबतीत तो सौम्य वाटतो, ही आपली शंका रास्त आहे. परंतु मूळ नाटकातही ही वृत्ती निखळ दुर्गुण म्हणून येत नाही. लेडी मॅकबेथची तक्रारच अशी आहे की, नवऱ्याजवळ महत्त्वाकांक्षा आहे, पण तिच्याबरोबर लागणारा दुष्टपणा नाही. पुढे पहिल्याच अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ स्वतः म्हणतो की, आपल्या बेताला टाच मारायला दुसरे काहीच नाही, आहे ती केवळ महत्त्वाकांक्षा, जी स्वार होताना प्रमाणाबाहेर उडी घेते आणि पलीकडे जाऊन पडते. हाव माणसाला अशी उंच उडी घ्यायला लावत नाही. ती ताटावर, पैशावर, जमिनीच्या तुकड्यावर असते. फार तर ‘अनावर महत्त्वाकांक्षा’ म्हणावे.

‘हत्या’ चालेल, तरी नाटकापुरता ‘खून’ अधिक चांगला. ‘वध’ तर नकोच. तो कंसाचा होतो, आणि त्यात मारणाऱ्याची बाजू न्याय्य धरलेली असते. डंकन मॅकबेथच्या इन्व्हर्नेसच्या किल्ल्यात पाहुणा म्हणून आलेला, त्याचा राजा आणि नात्यातला माणूस. त्याला झोपेत भोसकले जाते आणि रक्ताने माखलेले खंजीर पहारेकऱ्यांजवळ ठेवून आळ त्यांच्यावर घातला जातो. इतिहासातील मॅकबेथविषयी लिहायचे असेल, तर मात्र ‘खून’ही टाळावा, कारण १०४० साली डंकन मारला गेला तो स्कॉटलंडमधील एल्गिनजवळच्या लढाईत, आणि मॅकबेथने त्यानंतर १०५७ पर्यंत राज्य केले.