वादळी पावसानंतर नॅस चालू होत नाही, दोन डिस्क मिररमध्ये: डेटा कसा काढावा?

देवगड_बागायतदार
नमस्कार मंडळी. देवगडला घरी दोन डिस्कांचा नॅस (घरच्या नेटवर्कवरून वापरायचा डिस्कांचा डबा) आहे, ४-४ टीबी, रेड १, म्हणजे मिरर: दोन्ही डिस्कवर तोच डेटा. काल पावसात लाईट तीन-चारदा गेली-आली, तेव्हापासून डबा बंद. बटण दाबलं की दिवा लुकलुकतो, पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. अडॅप्टरवर मल्टीमीटर १२.१ व्होल्ट दाखवतो. आत घरचे फोटो आणि बागेचे हिशेब, सुमारे २.६ टीबी, दुसरीकडे प्रत नाही. एक डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावून बघू का?

सर्किट_कुडाळ
लॅपटॉपला अजिबात लावू नका. विंडोजला ही डिस्क ओळखता येत नाही. ती 'इनिशियलाइज (नव्याने तयार) करू?' किंवा 'फॉरमॅट करू?' असं विचारते आणि घाईत होकार दिला गेला की साधं काम अवघड होऊन बसतं.

लक्षणं अडॅप्टरची वाटतात. भार नसताना १२.१ दिसण्याला काही अर्थ नाही. आतले कपॅसिटर फुगले की रिकामा अडॅप्टर बरोबर व्होल्टेज दाखवतो, पण डिस्क फिरायला लागताना करंट ओढला गेला की कोसळतो. गाडीच्या ब्रेकलाईटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब अडॅप्टरला जोडा (पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो) आणि तेव्हा मीटर बघा. ११.५ च्या खाली गेला तर अडॅप्टर गेला असं समजा.

नवा घेताना व्होल्टेज अगदी तेवढंच हवं, अँपिअर जुन्याएवढे किंवा जास्त चालतील. पिनची जाडी आणि प्लस आत की बाहेर, हे जुन्याच्या लेबलवरून जुळवा. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर पिन बसते म्हणून कधीही लावू नये. त्याने डबा आणि डिस्कचे बोर्ड, दोन्ही जळू शकतात.

त्याआधी दोन्ही डिस्क बाहेर काढा आणि कोणती कुठल्या खणात होती ते मार्करने लिहा. नवा अडॅप्टर आधी रिकाम्या डब्यावर तपासा. तेव्हाही चालू झाला नाही तर बोर्ड गेला, पण डिस्क शाबूत असू शकतात.

टर्मिनल_चिपळूण
बोर्ड गेला तरी घाबरायचं कारण नाही. मिररमध्ये प्रत्येक डिस्कवर पूर्ण डेटा असतो आणि बहुतेक घरगुती नॅस आतून लिनक्सच असतात. उबंटू या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) बनवा, लॅपटॉप त्यावरून चालू करा आणि 'ट्राय उबंटू' निवडा. एमडीएडीएम (रेड जोडणारं) आणि एलव्हीएम२ (डिस्कवरचे विभाग ओळखणारं) ही दोन पॅकेजं टाका. मग एकच डिस्क जोडा, दुसरी कपाटात राहू दे. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला साटा-यूएसबी डॉक हवा. नुसत्या केबलवर ती फिरणार नाही.

ॲरे (मिररच्या डिस्कांचा संच) 'असेंबल' करा, सोबत 'रीडओन्ली' आणि 'रन' हे पर्याय द्या. 'क्रिएट' हा शब्द टाइप करायचा नाही, तो नवा ॲरे बनवतो. दोन-तीन ॲरे दिसतील. छोटे यंत्रणेचे, सर्वांत मोठा डेटाचा. तोही रीडओन्लीच माउंट करा. फाइलसिस्टम ईएक्सटी४ असेल तर 'नोलोड' जोडा, म्हणजे जर्नलसुद्धा (अर्धवट बदलांची नोंद) डिस्कवर लिहिलं जाणार नाही. फोल्डर एन्क्रिप्ट केले असतील तर पासवर्ड किंवा की-फाइल शोधून ठेवा, त्याशिवाय काही दिसणार नाही.

प्रत आरसिंकने (फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) घ्या. यूएसबी ३ वर २.६ टीबीला सात-आठ तास, यूएसबी २ वर जवळपास दिवस.

डिस्क कटकट असा आवाज करत असेल तर तिथेच बंद करा. सारखी चालू-बंद करून पाहिली की हेड (वाचणारी टोकं) प्लॅटरला (फिरत्या चकतीला) घासतात, मग प्रयोगशाळेतही फारसं हाती लागत नाही.

देवगड_बागायतदार
बल्ब लावल्यावर ८ व्होल्टच. नवा अडॅप्टर आणला, रिकामा डबा चालू झाला. डॉकवर दोन्ही डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतः ठेवते ती तब्येतीची नोंद) काढला. पहिली स्वच्छ. दुसरीत ५ क्रमांक (बदलून टाकलेले खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य, १९७ मध्ये २४. आता दोन्ही डब्यात घालू ना?

टर्मिनल_चिपळूण
दादा, थांबा! १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकाल न लागलेले सेक्टर. लिहिता लिहिता लाईट गेली तरी ते दिसतात, म्हणून डिस्क मेलीच असं नाही, पण आज तिच्यावर भरवसा नको. दोन्ही एकत्र घातल्या तर अचानक बंद पडलेला मिरर स्वतःहून रीसिंक (दोन्ही डिस्क पुन्हा जुळवणं) सुरू करू शकतो आणि तासन् तास दोन्हींवर ताण येतो. पहिलीवरून वर सांगितल्याप्रमाणे प्रत काढा. एखादी फाइल तिच्यावर अडली तरच दुसरीची इमेज (हुबेहूब प्रत) डीडीरेस्क्यूने, म्हणजे खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, घ्या. मॅप-फाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) जरूर द्या, म्हणजे काम मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. आधी सोपा भाग, अडलेले सेक्टर शेवटी. पूर्ण प्रत हातात आल्यावरच दुसरीवर लांब स्मार्ट चाचणी चालवा. १९७ शून्यावर आलं नाही किंवा ५ वाढू लागलं तर बदला. नवी घेताना सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी) घ्या. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढलेले) डिस्कवर रीबिल्ड, म्हणजे मिरर पुन्हा भरणं, फार रेंगाळतं.

अर्थिंग_गुहागर
अडॅप्टर बदलला तरी कारण तसंच राहील. आपल्याकडे जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखी बिघडतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा; घरातला भार चालू असताना २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. खड्डा एप्रिल-मेमध्ये पाण्याने ओला ठेवा.

नॅस आणि राउटर ६०० व्हीएच्या यूपीएसवर घ्या आणि यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी उतरायच्या आत तो स्वतः नीट बंद होतो. ही केबल बहुतेक घरांत खोक्यातच पडून असते. छपरावरच्या कॅमेऱ्याची लॅन केबल त्याच स्विचमध्ये येत असेल तर वीज तिथूनही शिरते. फायबरमधून शिरत नाही. गडगडाट सुरू झाला की ती लॅन काढा.

खारी हवा दुसरा शत्रू. डिस्कच्या बोर्डावरचे हेडकडे जाणारे संपर्क काळे पडतात. डबा खिडकीपासून लांब ठेवा. बॅकअपची डिस्क घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत, पण डिस्कवरचं श्वासाचं भोक चिकटपट्टीने बुजवू नका.

सर्किट_कुडाळ
मिरर फक्त डिस्क मेली तर वाचवतो. चुकून डिलीट झालेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते, रॅन्समवेअरही (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) दोन्ही एकदम लॉक करतं; २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या अशाच रॅन्समवेअरने इंटरनेटला उघडे असलेले नॅस असेच गाठले होते. म्हणून राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट नॅसपर्यंतची वाट) बंद करा, बाहेरून लागलं तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट) वापरा. ४ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क घ्या: एक घरी, प्रत झाली की केबल काढलेली, दुसरी घाटावर नातेवाइकांकडे, दोन महिन्यांनी अदलाबदल. २० एमबीपीएस अपलोडवर २.६ टीबी क्लाउडला चढायला बारा दिवस लागतात, तेव्हा तिकडे फक्त सर्वांत महत्त्वाचे फोटो आणि हिशेब पाठवा. आणि प्रत झाल्यावर वेगवेगळ्या वर्षांच्या फोल्डरमधल्या दहा-बारा फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा, नुसता आकार जुळला म्हणून सोडू नका.