एका खात्याला दिलेली माहिती दुसरे खाते वापरू शकते का?

प्रश्न : नदीकाठ

नमस्कार. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या अटींनुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते, घरात कोणी प्राप्तिकर भरणारे नसावे लागते आणि ट्रॅक्टर वगळता चारचाकी असून चालत नाही. २०२४ मध्ये अर्ज भरून घेताना बरेचसे काम हमीपत्रावर भागले. २०२५ मध्ये मात्र लाभार्थींच्या याद्या परिवहन विभागाच्या वाहननोंदणीशी ताडून पाहिल्या गेल्या आणि अंगणवाडी सेविकांना घरोघरी जावे लागले. अपात्रांना वगळण्याला माझा आक्षेप नाही. माझी शंका इतकीच की, आरटीओला आपण जी माहिती देतो ती गाडीच्या नोंदणीसाठी देतो. ती महिला व बालविकास विभागाने परस्पर वापरावी, याला कायद्याचा आधार कोणता?

प्रतिसाद १ : कलमबहाद्दर

हमीपत्रात आपण जी संमती देतो ती आधारद्वारे ओळख पटवण्यापुरती असते. तिच्यावर गाड्यांच्या नोंदी तपासण्याचा अधिकार उभा करणे मला ओढूनताणून वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्यात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, असा दंडक घालून दिला. प्राप्तिकराच्या बाबतीत कायदा दाखवता येतो, कारण १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम १३८ नुसार इतर प्राधिकरणांना माहिती देण्याची वाट ठरवून दिलेली होती.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही वाट बरीच रुंद केली आहे. अनुदान, लाभ, दाखला किंवा परवाना देण्यासाठी शासन आपली माहिती नव्या संमतीवाचून वापरू शकते. अट एवढीच की, आपण पूर्वी तशाच कामासाठी संमती दिलेली असावी किंवा ती माहिती केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी नोंदवहीत असावी (कलम ७). खरी मेख पुढेच आहे. आपली माहिती कोणाकोणाला दिली हे विचारण्याचा कलम ११ मधला हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरताच आहे. म्हणजे जिथे आपल्याला न विचारता माहिती फिरते, नेमके तिथेच ती कुठे गेली हे विचारण्याचीही सोय नाही. कलम ८ मात्र उपयोगी पडेल : ज्या माहितीवरून व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय होणार आहे किंवा जी दुसऱ्याला दिली जाणार आहे ती अचूक आणि पूर्ण असावी, हे बंधन शासकीय विभागांवरही आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ही मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

प्रतिसाद २ : जुना कारकून

कायद्याचे ठीक आहे, पण घोडे पेंड खाते ते नोंदींमध्ये. जुनी गाडी विकणारा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळा होतो, घेणारा ते महिनोन्महिने दाखल करत नाही आणि आरसीवर जुन्या मालकाचेच नाव राहते. दीर वेगळा राहतो, पण शिधापत्रिका अजून एकच आहे, असे तर गावोगाव सापडेल. संगणकाला दोन याद्यांतली नावे जुळलेली दिसतात, चूल वेगळी झालेली दिसत नाही. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ या प्रणालीने अनेक खात्यांच्या नोंदी जुळवल्या. तिथल्या रद्द शिधापत्रिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष जागेवर फेरतपासणी करायला सांगितले. त्या दृष्टीने आपल्याकडे सेविकांना घरी पाठवणे हे योग्यच होते, जरी तो भार त्यांच्याच डोक्यावर का, हा प्रश्न उरतोच.

प्रतिसाद ३ : तळटीप

एस्टोनियाचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. तिथे २००१ पासून ‘एक्स-रोड’ नावाची व्यवस्था चालते. सगळी माहिती एका कोठारात ओतलेली नाही. प्रत्येक खात्याची नोंदवही त्याच्याकडेच राहते, दुसरे खाते सुरक्षित मार्गाने नेमका प्रश्न विचारते आणि त्या विचारणेची वेळेसह नोंद होते. आपल्या नोंदी कोणत्या खात्याने पाहिल्या, हे नागरिकाला अनेक नोंदवह्यांच्या बाबतीत सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहता येते. आपल्याकडे डिजिलॉकरमध्ये कागद दुसऱ्याला देण्यापूर्वी निदान आपली परवानगी मागितली जाते. पात्रतेच्या पडताळणीत मात्र यादी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते आणि ज्याचे नाव तिच्यात आहे त्याला हप्ता थांबल्यावरच सुगावा लागतो. माझ्या मते संमतीचा आग्रह इथे फारसा कामाचा नाही, कारण गरजू माणूस संमती नाकारणार तरी कशी? लाभ थांबवण्यापूर्वी लेखी सूचना द्यावी आणि तिच्यात कोणत्या खात्याची कोणती नोंद आड आली ते लिहावे, ही मागणी अधिक नेमकी आहे.

नदीकाठ

सर्वांचे आभार. तोवर, आपला अर्ज कोणत्या नोंदीवरून अपात्र ठरला हे माहिती अधिकारात विचारता येईल का?

कलमबहाद्दर

जरूर येईल. स्वतःच्या प्रकरणातले टिपण आणि ज्या नोंदीवर निर्णय झाला तिची प्रत मागा. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करा. नोंद परिवहन विभागाचीच चुकलेली असेल, तर दुरुस्तीचा अर्ज तिकडे वेगळा द्यावा लागेल आणि त्याची पोच योजनेच्या कार्यालयात जोडावी लागेल.