शब्दचर्चा: ‘मास्टर सापडला’ म्हणजे नेमकं काय सापडलं?

शब्दशोध:
क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या लंडनच्या हाइड पार्कमधल्या १८ सप्टेंबर १९७६ च्या कार्यक्रमाचं पूर्ण चित्रण अधिकृतपणे कधी येणार, ही चाहत्यांची जुनी आस. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, त्यामुळे आपल्याकडेही तिला जिव्हाळ्याची जोड आहे. पण मराठीत या विषयावर लिहिताना ‘फुटेज’, ‘मास्टर’, ‘बूटलेग’, ‘रीमास्टर’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास पडतात. कोणता कुठे वापरावा? आणि ‘मैफिलीची दुर्मिळ चित्रफीत’ म्हटलं की लाखावर लोकांपुढचा कार्यक्रम दिवाणखान्यात झाल्यासारखा वाटतो. त्यावर काही उपाय?

रीळमास्तर:
‘मैफल’ सोडून द्या, ‘कॉन्सर्ट’ लिहा. ‘फुटेज’ही राहू द्या. फिल्मची लांबी फुटांत मोजत, त्यावरून तो आला, आणि आपण त्याला ‘फुटेज खाणं’पर्यंत पूर्ण मराठी करून टाकलाय.

माझी हरकत ‘चित्रफीत’ला आहे. फीत म्हणजे टेप. फिल्मवरच्या चित्रणाला चित्रफीत म्हटलं की मूळ वस्तू कोणती हेच हरवतं, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून असतं. क्वीनचीच दोन उदाहरणं घ्या. नोव्हेंबर १९८१ चे माँट्रियलचे कार्यक्रम ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाले. तिथे तपशील इतका आहे की २०२४ मध्ये ते आयमॅक्सच्या पडद्यावर दाखवता आले. लंडनच्या हॅमरस्मिथमधला २४ डिसेंबर १९७५ चा कार्यक्रम बीबीसीनं थेट प्रक्षेपित केला, तो २०१५ मध्ये अधिकृतपणे आला. ते टीव्हीचं चित्र, ६२५ रेषांचं. त्यातही प्रत्यक्ष चित्र सुमारे ५७५ रेषांमध्येच असतं. तशा चित्रावर कुणी ‘फोर-के’चं लेबल लावलं तर ते फुगवलेलं आहे असं समजा. सॉफ्टवेअरनं तपशील ‘ओळखून’ भरला की चेहरे मेणाचे होतात, गिटारच्या तारा मध्येच गायब होतात आणि मागच्या गर्दीत एकच नाक दहा जणांना मिळतं. म्हणून फिल्मला ‘फिल्म’ किंवा ‘रीळ’ म्हणा आणि टेपलाच तेवढं ‘चित्रफीत’ म्हणा.

‘पूर्ण चित्रण’ हा शब्दही सांभाळून वापरा. १६ मिमीची ४०० फुटांची रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगानं ११ मिनिटांत संपते. पाऊण तासाच्या वादनात एका कॅमेऱ्याला चारदा रीळ बदलावी लागते, आणि सगळ्यांनी एकदमच बदलली तर त्या क्षणाचं चित्र जगात कुठेच नसतं. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या न्यूयॉर्कमधल्या जुलै १९७३ च्या कार्यक्रमांत अशी भगदाडं पडली. ती भरायला १९७४ मध्ये शेपर्टन स्टुडिओत बँडला पुन्हा उभं केलं. तोवर त्यातल्या जॉन पॉल जोन्सनं केस कापले होते, म्हणून त्याला टोप घालावा लागला. अशा ठिकाणी ‘उपलब्ध चित्रण’ म्हणणंच खरं.

खर्ज:
आवाजाकडे कुणी वळलंच नाही. ‘सिंक’ या एका शब्दाचे या क्षेत्रात दोन अर्थ आहेत, आणि त्यामुळे वाद होतात. एक, चित्र आणि ध्वनी जुळणं. दुसरा, गाणं चित्रासोबत वापरण्याचा परवाना. ‘सिंकमुळे अडलंय’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. पहिल्याला ‘जुळणी’ आणि दुसऱ्याला ‘सिंक-परवाना’ असे वेगळे शब्द ठेवावेत.

जुळणीच्या भानगडीचा नमुना म्हणजे अरीथा फ्रँकलिनचं लॉस एंजेलिसच्या चर्चमधलं जानेवारी १९७२ चं चित्रण. रॉक नव्हे, गॉस्पेल, पण दुखणं तेच. दिग्दर्शक सिडनी पोलॅकनं क्लॅपर-पाटी वापरली नाही. त्यामुळे कुठल्या रिळीला ध्वनीचा कुठला तुकडा लागतो हे ठरवायला खूणच उरली नाही. संगणकाच्या मदतीनं पुढे जुळणी झाली, तरी प्रदर्शन अडलंच, कारण तिनं स्वतः कोर्टात हरकत घेतली होती. चित्रपट लोकांसमोर आला २०१८ मध्ये, तिच्या निधनानंतर. म्हणजे ‘सिंक’चा पहिला अर्थ सुटल्यावरही हक्कांची गाठ तशीच होती.

आता हातातल्या प्रतीबद्दल एक कामाची गोष्ट. २४ चौकटींची फिल्म युरोपातल्या टीव्हीसाठी २५ नं चालवत. त्यानं वेग ४.१७ टक्के वाढतो, नव्वद मिनिटांचा कार्यक्रम ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढतो. ४४० हर्ट्झचा ‘ए’ ४५८ वर ऐकू येतो. गायक ‘चढ्या पट्टीत’ गायला असं लिहिण्याआधी हे तपासा. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करायचं तर ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड अँड पिच’) वापरून उणे ४ टक्के द्या, उणे ४.१७ नव्हे, कारण २४ भागिले २५ म्हणजे ०.९६. ‘चेंज पिच’ वापरलात तर सूर उतरेल पण लय धावतीच राहील. ‘चेंज स्पीड’ केल्यावर चित्राचा वेगही त्याच प्रमाणात खाली आणायचा असतो.

हक्कदार:
‘बूटलेग’ला ‘चोरटी प्रत’ म्हणणं मला पटत नाही, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. जे अधिकृतपणे कधी आलंच नाही त्याची परस्पर काढलेली प्रत म्हणजे बूटलेग. जे बाजारात आहे त्याची बिनपरवाना नक्कल म्हणजे पायरेट प्रत. आणि वेष्टनासकट मूळ असल्याचा आव आणलेली ती बनावट. चाहते ज्याची वाट बघत असतात, त्याचं आज हाती असतं ते बहुधा पहिल्या प्रकारातलं. ‘लीक’साठी मात्र मराठीत बरा शब्द आहे, फुटणं. पेपर फुटतो तसं फुटेजही फुटतं.

आणि ‘डबा ज्याच्याकडे, हक्क त्याचा’ हा समज आधी काढून टाका. फिल्मचा डबा एकाच्या कपाटात, चित्रणाचा हक्क निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे, ध्वनिमुद्रणाचा रेकॉर्ड कंपनीकडे, प्रत्येक गाण्याचा प्रकाशकाकडे, आणि वर सगळ्या वादकांची संमती. बँडनं दुसऱ्या कुणाचं गाणं म्हटलं असेल तर त्याची परवानगी वेगळी. रोलिंग स्टोन्सचा सर्कशीच्या तंबूसारख्या सेटवरचा डिसेंबर १९६८ चा कार्यक्रम १९९६ पर्यंत थांबला, कारण आपलं वादन फिकं पडलं असं बँडलाच वाटत होतं. त्यामुळे ‘मालकी’, ‘हक्क’ आणि ‘परवाना’ हे तीन शब्द तीन अर्थांनीच वापरा.

‘हक्क टिकवण्यापुरतं प्रकाशन’ हा एक नवा शब्दप्रयोग सुचवतो. युरोपात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर गेलं, पण ५० वर्षांत प्रकाशित न झालेल्याला ती वाढ मिळत नाही. म्हणून बॉब डिलनच्या कंपनीनं २०१२ मध्ये जुनी अप्रकाशित ध्वनिमुद्रणं जेमतेम शंभर प्रतींत काढली. ते अधिकृतच, पण चाहत्यांच्या हातात काय पडलं म्हणाल तर फारसं नाही.

शब्दशोध:
मग ‘मास्टर’? आणि टेप ‘भाजतात’ असं वाचलं, ते खरं?

रीळमास्तर:
खरं, पण ५४ अंशांना भाजणं कसलं, ‘शेकणं’ म्हणा. सत्तरीच्या मध्यापासूनच्या बऱ्याच टेपांत चुंबकी थर धरून ठेवणारं पॉलियुरेथेन हवेतली ओल शोषून चिकट होतं. अशी टेप तशीच चालवली तर ती यंत्राच्या वाचणाऱ्या हेडवर किरकिरते आणि थर खरवडून निघतो. पाव इंची टेपला सुमारे ५४ अंशांवर आठ तास, दोन इंचीला त्याहून बराच जास्त वेळ, मग तितकाच वेळ हळूहळू थंड होऊ द्यायचं आणि काही आठवड्यांच्या आत उतरवून घ्यायचं. घरच्या ओव्हनचं तापमान हेलकावतं, गॅसच्या ओव्हनमध्ये तर वाफही असते, तिथे हा प्रयोग नको. अॅसिटेट या प्लॅस्टिकच्या जुन्या टेपा अजिबात शेकायच्या नाहीत. रीळ उजेडासमोर धरा: कडेनं प्रकाश आरपार दिसला तर ती अॅसिटेट.

‘मास्टर’ हा शब्द एकटा लिहू नये. कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह, संकलित निगेटिव्ह, प्रक्षेपणाची टेप, अनेक मार्गिकांचं (ट्रॅकचं) ध्वनिमुद्रण, या सगळ्यांना लोक मास्टर म्हणतात. पिंक फ्लॉइडचं पाँपेईतलं १९७१ चं चित्रण २०२५ मध्ये इतकं स्वच्छ आलं ते मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून केलं म्हणून. त्याला ‘रीमास्टर’ म्हणणं अपुरं आहे: चित्राचं पुनरुज्जीवन झालं आणि आवाजाचं नव्यानं मिश्रण, तेही स्टीव्हन विल्सनकडून. तयार मिश्रण तसंच ठेवून फक्त पातळी आणि पोत सुधारले तर ते रीमास्टर. सुट्या मार्गिका पुन्हा जुळवल्या तर रीमिक्स.

उलट उदाहरण त्याच बँडच्या लंडनमधल्या अर्ल्स कोर्टच्या ‘द वॉल’ प्रयोगांचं. १९८१ च्या प्रयोगांचं चित्रपटासाठी चित्रण झालं, पण अंधुक प्रकाशासाठी लावलेल्या वेगवान भिंगांनी मोठ्या पडद्याला पुरेल इतकी सुस्पष्टता दिली नाही. १९८०-८१ चा आवाज २००० मध्ये आला, पूर्ण चित्र नाही. तिथे निगेटिव्ह सापडून फार फरक पडणार नाही.

खर्ज:
तर नोंद अशी करावी: मूळ वस्तू, कितवी पिढी (म्हणजे प्रतीवरून काढलेली कितवी प्रत), चौकटींचा वेग, ध्वनीचा उगम. उदाहरणार्थ, ‘प्रक्षेपण-टेपवरून व्हीएचएस, तिसरी पिढी, २५ चौकटी, ध्वनी मिश्रण-टेबलावरून’. पिढी माहीत नसेल तर आकडा लिहू नका, लक्षणं लिहा: लाल रंग कडेनं सांडलेला, तळाशी थरथरणारी पट्टी, चौकटीत भाजलेला टाइमकोड (चित्रावरच कायमचे उमटलेले वेळेचे आकडे). इथे मात्र ‘भाजलेला’च म्हणतात, त्याला इलाज नाही.