विमानात प्रवासी कोसळला : विमान वळवायचं की नाही, कोणाच्या शब्दावर?

वातकुक्कुट :
प्रवाशाला त्रास झाला की "विमानात कोणी डॉक्टर आहेत का?" अशी घोषणा होते. उठणारा त्वचारोगतज्ज्ञ असो की भूलतज्ज्ञ, "उतरवा" किंवा "जाऊ द्या" हे त्यानेच सांगावं अशी अपेक्षा असते. अंतिम निर्णय कॅप्टनचा, हे खरं. पण त्याला सल्ला जमिनीवरच्या वैद्यकीय केंद्राचाच (विमानांना दुरून सल्ला देणारे डॉक्टर तिथे बसतात) मिळावा असं माझं मत आहे.

कारण सांगतो. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्याइतका असतो. तिथे धडधाकट माणसाचंही ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं बोटाला लावायचं यंत्र) ९१-९२ टक्के दाखवू शकतं. वॉर्डात ९१ पाहून धावणारा डॉक्टर इथेही धावतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या २०१३ च्या अभ्यासात ११,९२० घटना होत्या. त्यांतल्या ३७.४ टक्के चक्कर किंवा शुद्ध हरपण्याच्या. विमान वळवावं लागलं फक्त ७.३ टक्के वेळा. बहुतेकांना आडवं करून पाय वर उचलले, ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत बरं वाटतं. केंद्रातले डॉक्टर हे रोज हाताळतात, आपल्यातला उठून गेलेला डॉक्टर कदाचित आयुष्यात एकदाच.

नाडी_बघा :
साफ असहमत. तुमच्या केंद्रातल्या डॉक्टरला रुग्ण दिसतो का? २००१ नंतर कॉकपिटचं दार कुलूपबंद असतं. मदतीला आलेला डॉक्टर कर्मचाऱ्याला सांगतो, तो इंटरफोनवर पायलटला, पायलट पुढे केंद्राला. या साखळीत "घामाने शर्ट चिंब, ओठ राखाडी, एका दमात वाक्य पुरं होत नाही" याचं "श्वासाचा त्रास" एवढंच उरतं.

तपासणीही तिथे वेगळीच करावी लागते. इंजिनांच्या आवाजात स्टेथोस्कोपने काही धड ऐकू येत नाही. मनगटाची नाडी बोटाखाली ठेवून बीपीच्या यंत्राचा दंडावरचा पट्टा फुगवायचा, हळूहळू हवा सोडायची, नाडी परत लागेल तो आकडा घ्यायचा. वरचंच बीपी मिळतं, खालचं विसरा. हा आकडा कितपत धरायचा ते बोट ठेवणाऱ्यालाच कळतं.

आणि तुमच्या अभ्यासात केंद्राला कॉल गेलेल्याच घटना आहेत. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, वरचं बीपी ९० च्या खाली, किंवा तोंड वाकडं होऊन एक हात लुळा पडलाय, अशा वेळी टक्केवारी काढू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साडेचार तासांची. (तिथे ॲस्पिरिन देऊच नये. सीटी स्कॅनशिवाय रक्तस्राव नाही हे सांगता येत नाही.)

डिस्पॅच :
वातकुक्कुट यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. वळवणं म्हणजे लगेच उपचार नव्हे. विमानतळ अगदी खाली असला तरी ३५,००० फुटांवरून उतरून दार उघडेपर्यंत सहज अर्धा तास जातो. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ या विमानांना इंधन हवेत सोडायची सोयच नाही. उड्डाणानंतर लवकर परतायचं तर वजन मर्यादेपेक्षा जास्त असताना उतरावं लागू शकतं. आणीबाणीत ते चालतं, पण धावपट्टी लांब लागते आणि नंतर तपासणी होईपर्यंत विमान हलत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जवळचा विमानतळ उपयोगाचा असेलच असं नाही. हृदयविकाराच्या रुग्णाला ४० मिनिटांवरच्या गावात उतरवलं आणि तिथे अँजिओप्लास्टीच होत नसेल, तर ७० मिनिटांवरचं मोठं शहर बरं. रात्री कुठे विमानाला लावायचा जिना मिळेल, रुग्णवाहिका कुठे उभी असेल, ही माहिती मदतीला आलेल्या डॉक्टरकडे नसते.

गॅलीवाली :
तुम्ही निर्णयावर भांडताय, पण माणूस त्याआधीच्या दहा मिनिटांत जातो. नाडी नसेल तर सीटवर छाती दाबण्यात वेळ घालवू नका, थेट गॅलीत (खाण्यापिण्याचं सामान ठेवतात त्या मोकळ्या जागेत) ओढा. ३० दाब, २ श्वास. मिनिटाला १०० ते १२० दाब. एईडीचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड लावण्याआधी छाती पुसून कोरडी करा.

औषधपेटीत जास्त घोळ होतो तो ॲड्रेनॅलिनचा. अमेरिकी नियमांप्रमाणेच्या पेटीत ते दोन तीव्रतांचं असतं, १:१,००० आणि १:१०,०००. गंभीर ॲलर्जीत प्रौढाला १:१,००० मधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. घाईत आख्खी कुपी शिरेत गेली तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. म्हणून एकाने लेबल मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने बघून हो म्हणावं.

ऑक्सिजनचाही हिशेब ठेवा. ३१० लिटरची बाटली मिनिटाला ४ लिटरने सव्वा तास चालते. समुद्रावर तीन तास बाकी असतील तर वळवण्याचं उत्तर डॉक्टर नाही, बाटल्यांची संख्या देते.

नाडी_बघा :
अँजिओप्लास्टीचा मुद्दा मान्य. कुठे उतरायचं ते केंद्राने ठरवावं. पण उतरायचं की नाही यावर दोघांत मतभेद झाला, तर रुग्णाजवळच्याचं धरा.

वातकुक्कुट :
तसं केलं तर घाबरलेल्या डॉक्टरच्या शब्दावर चक्कर आलेल्यासाठीही विमान उतरेल. त्यापेक्षा साखळीच तोडा. केबिनमधून केंद्राशी थेट बोलता येत असेल तर हेडसेट त्या डॉक्टरच्याच कानाला लावा. सोय नसेल तर निरोप कागदावर लिहून द्या आणि पायलटने तो शब्दशः वाचावा : वय, त्रास कधीपासून, शुद्ध, नाडी, वरचं बीपी, नेहमीची औषधं, काय दिलं आणि किती वाजता. ऑक्सिमीटरचे आकडे दोन हवेत, ऑक्सिजन लावण्याआधीचा आणि नंतरचा. पहिला राहून गेला तर केंद्राला फक्त ९६ ऐकू जातं आणि ते "पुढे जा" म्हणतात.

नाडी_बघा :
हे चालेल. त्यात रुग्णाजवळच्या डॉक्टरचं स्पष्ट मत, उतरवा की नको, हेही त्याच्याच शब्दांत लिहिलेलं असावं.