उपग्रहाचा संदेश येतो, पण नौकेवरून पाठवलेला पोहोचत नाही: ताळमेळ कसा राखावा?

प्रश्न – खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयातील अंतिम वर्षाचे विद्यार्थी मिरकरवाडा बंदरातील मासेमारी नौकांसाठी एका लहान उपकरणाची रचना संगणकावर तपासत आहेत. किनाऱ्यावरच्या टॉवरची रेंज संपली, की नौकेचे स्थान आणि अडचणीचा इशारा सुमारे ६०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहामार्फत एनबी-आयओटी (लहान उपकरणांनी कमी शक्तीत थोडा मजकूर पाठवण्याचे मोबाइल तंत्र) पद्धतीने पाठवायचा, अशी ही कल्पना आहे. उपग्रहाकडून येणारा संदेश उपकरण नीट वाचते; परंतु जोडणीसाठी त्याने पाठवलेला पहिला संकेत उपग्रहाला बहुतेक वेळा ओळखताच येत नाही. उपग्रह क्षितिजाजवळ असताना जोडणी कधीच होत नाही, माथ्यावर आला की काही क्षण होते, आणि तो पलीकडे कलला की पुन्हा तुटते. सध्या हे उपकरण साध्या मोबाइलप्रमाणेच मिळालेल्या संकेताशी आपली वारंवारता जुळवून घेते व त्याच आधारावर उत्तर पाठवते. लाटांवर हेलकावणारी, सतत चालणारी नौका हे याचे कारण असू शकेल का? आणि इस्रोचे जे ट्रान्सपॉन्डर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी व घेणारी यंत्रे) नौकांवर बसवले जात आहेत, त्यांना ही अडचण का येत नाही?

उत्तर – दर्यासंकेत

सर, माथ्यावर असताना जोडणी होते, ही नोंद फार मोलाची आहे, कारण दोष कुठे आहे हे तीच सांगते. या उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने जातो. तो क्षितिजावरून आपल्याकडे येत असताना २ गिगाहर्ट्झच्या संकेतात डॉप्लरमुळे (म्हणजे वेगामुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकामुळे) ४५ किलोहर्ट्झच्या आसपास फरक पडतो. माथ्यावर हा फरक शून्य होतो आणि नंतर उलट दिशेने वाढत जातो. आता उपग्रह जवळ येत आहे असे धरा. त्याचा संकेत उपकरणाला मूळ वारंवारतेपेक्षा वर ऐकू येतो. उपकरण त्याच्याशी जुळवून घेत स्वतःही वर सरकते आणि तिथून उत्तर पाठवते. मग त्या उत्तरावर पुन्हा तेवढाच डॉप्लर चढतो, म्हणजे उपग्रहापर्यंत पोहोचेतो चूक दुप्पट, सुमारे ९० किलोहर्ट्झ झालेली असते. एनबी-आयओटीची संपूर्ण वाहिनीच १८० किलोहर्ट्झची असल्यामुळे असा संकेत ओळखला जाणे शक्य नाही. उत्तर पाठवताना वारंवारता डॉप्लरइतकी खाली घ्यायला हवी, वर नव्हे.

मात्र ऐकू आलेल्या फरकात डॉप्लर किती आणि उपकरणातील स्वस्त ऑसिलेटरची (वारंवारता ठरवणाऱ्या भागाची) चूक किती, हे केवळ ऐकून वेगळे करता येत नाही. म्हणूनच थ्रीजीपीपी या मोबाइल तंत्राची मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या मानकांच्या सतराव्या आवृत्तीत उपकरणाला स्वतःचे स्थान जीपीएस किंवा तत्सम प्रणालीवरून माहीत असले पाहिजे, असे गृहीत धरले आहे. उपग्रह आपली जागा व वेग, किंवा कक्षेचे घटक, ठरावीक काळाने प्रसारित करतो. या दोन गोष्टींवरून उपकरण डॉप्लर आणि अंतर दोन्ही काढते, ऐकलेल्या फरकातून डॉप्लर वजा करून उरलेली चूक ऑसिलेटरच्या खाती टाकते, आणि पाठवण्याची वेळही अंतराच्या हिशेबाने आधी घेते. उपग्रह ते भूकेंद्र या टप्प्यातील विलंबाची माहिती जाळे (नेटवर्क) स्वतंत्रपणे कळवते आणि त्या टप्प्याचा डॉप्लरही जाळ्याकडूनच दुरुस्त केला जातो. त्याचा भार उपकरणावर नसतो.

नौकेच्या हालचालीला मी दोष देणार नाही. ८ नॉट म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ मीटर, आणि त्याचा डॉप्लर ३० हर्ट्झच्याही आत राहतो. जीपीएसची नोंद एक मिनिट जुनी झाली, तरी नौका अडीचशे मीटर सरकलेली असेल आणि जाऊन-येऊन वेळेतली चूक दीड मायक्रोसेकंदाच्या आसपास राहील, जी साडेचार मायक्रोसेकंदांहून थोड्या मोठ्या संरक्षक पट्टीत (वेळेतली लहान चूक खपावी म्हणून संकेतात ठेवलेल्या जागेत) सामावते. उलट उपग्रहाच्या माहितीसोबत येणारी संदर्भवेळ (ती माहिती कोणत्या क्षणाची आहे ती वेळ) धरताना एका सेकंदाची गफलत झाली, तर क्षितिजाजवळ हीच चूक ४५ मायक्रोसेकंदांपर्यंत जाते. तेव्हा विद्यार्थ्यांना लाटांचे प्रतिमान बारीक करण्यात वेळ घालवू देण्याऐवजी घड्याळ आणि संदर्भवेळ यांचीच कसून तपासणी करायला सांगावे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर – देवगड बंदर

ट्रान्सपॉन्डरबद्दल थोडे लिहितो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून ज्या योजनेची देशभर अंमलबजावणी सुरू झाली आणि जिच्यात १ लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याचे उद्दिष्ट आहे, ते ट्रान्सपॉन्डर भूस्थिर उपग्रहाशी बोलतात. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेला हा उपग्रह आपल्याकडून पाहता जागचा हलत नाही, त्यामुळे डॉप्लर नगण्य राहतो. संदेश नौकेवरून उपग्रहामार्फत भूकेंद्रात जाऊन त्याचे उत्तर परत यायला अर्धा सेकंद लागतो खरा, पण हा विलंब मोठा असला तरी स्थिर असतो, आणि स्थिर विलंबाचा हिशेब एकदाच करावा लागतो. खालच्या कक्षेत विलंब काही मिलिसेकंदांचाच असतो, पण तो क्षणोक्षणी बदलतो, म्हणून तिथे काम अवघड होते. जवळच्या उपग्रहापर्यंत कमी शक्तीत पोहोचता येते, हा त्याचा फायदा मात्र लहान बॅटरीवरच्या उपकरणासाठी मोठा आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. डॉप्लरची दिशा उलटी केल्यावर क्षितिजाजवळही पहिला संकेत ओळखला जाऊ लागला आहे. आता एकच शंका उरते. आमच्या उपकरणात जीपीएस आणि मोडेम एकाच वेळी चालू शकत नाहीत. अशा वेळी संदेश लांबला तर ताळमेळ सुटणार नाही का?

उत्तर – दर्यासंकेत

सुटू शकतो, आणि सतराव्या आवृत्तीत ही मर्यादा गृहीतच धरलेली आहे. म्हणून जोडणीपूर्वी उपकरणाने आपले स्थान घ्यायचे आणि ते किती काळ ग्राह्य राहील हे जाळ्याला कळवायचे, असा क्रम आहे. जोडणी चालू असतानाच स्थान नव्याने घेण्याची सोय अठराव्या आवृत्तीत आली. कक्षेच्या माहितीलाही जाळ्याने ठरवून दिलेली मुदत असते आणि ती संपल्यावर नवी माहिती वाचेपर्यंत काहीही पाठवायचे नसते. सिग्नल क्षीण असताना एनबी-आयओटी तोच मजकूर १२८ वेळांपर्यंत पुन्हा पाठवते, आणि तेवढ्यात उपग्रह बराच पुढे गेलेला असतो. माथ्यावरून जाताना तर डॉप्लर सेकंदाला पाचशे हर्ट्झहून अधिक बदलतो. त्यामुळे लांब प्रसारणाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या आरंभी वेळ आणि वारंवारता नव्याने काढावी लागते. तुमच्या प्रतिमानात पाठवण्यापूर्वी अशी एक अट घाला: संदेशाला लागणारा काळ, सर्व पुनरावृत्ती धरून, स्थान आणि कक्षा या दोहोंच्या उरलेल्या मुदतींपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त भरत असेल, तर आधी त्या माहितीचे नूतनीकरण करावे. अडचणीचा इशारा मात्र अवघ्या काही बाइटांचा ठेवा, म्हणजे ही अट त्याच्या आड येणार नाही.