मदत हवी आहे: आश्रमशाळेत पाठ घेतेय, मुलं तोंडच उघडत नाहीत

टाचणवही
बी.एड. दुसरं वर्ष, इंटर्नशिपचा तिसरा आठवडा. पाठाचं टाचण दोनदा बदललं. प्रस्तावनेचे प्रश्न विचारले की वर्गात शुकशुकाट. फळ्याजवळ बोलावलं की खाली बघतात. उद्देशकथनापर्यंत, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगण्यापर्यंत, येतानाच पंधरा मिनिटं जातात. शुक्रवारी प्राध्यापक निरीक्षणाला येणार, गुरुवारी टाचणावर सही घ्यायची आहे. व्यक्ती अभ्यासाला, म्हणजे एकाच मुलाच्या निरीक्षणाच्या अहवालाला, जी मुलगी निवडली तीही बोलत नाही. लवकर सांगा.

खडू_डस्टर
वर्ग? विषय? पट किती? तासिका किती मिनिटांची? शाळा कुठली नको, तालुका तरी सांगा.

रचनावादी
वर्ग कोणताही असो, हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या त्या ठरावीक पाच पायऱ्या, सोडा. प्रस्तावना-उद्देशकथन या साच्यानंच पोरं गप्प होतात. पाच टप्प्यांची ‘पाच ई’ पद्धत वापरा, आधी कृती, मग नाव.

खडू_डस्टर
कॉलेजचा नमुना पंचपदीचा असेल तर निरीक्षक तोच तक्ता घेऊन बसतात. शुक्रवारच्या पाठाला क्रांती नको.

पेपर_दोन
टीईटीचा, शिक्षक पात्रता परीक्षेचा, फॉर्म भरला का? सहावी ते आठवीला पेपर दोन लागतो. १५० पैकी ९० गुण, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. बालमानसशास्त्राचे ३० गुण सोडू नका.

टाचणवही
टीईटीचं विचारलंच नाही मी. सहावी, गणित, अपूर्णांकांची बेरीज. पट ३४, तासिका ३५ मिनिटं. मेळघाटातला धारणी तालुका. मुलं आपसात गोंडी बोलतात, मराठी समजते असं वर्गशिक्षक म्हणाले.

गडगा_नदी
भाऊ, धारणीत गोंडी? गोंड आहेत तिकडे, पण बहुतेक पोट्टे कोरकू. पाण्याला काय म्हणतात ते विचारा. ‘येर’ म्हटलं तर गोंडी, ‘दा’ म्हटलं तर कोरकू.

टाचणवही
ताई आहे मी. आत्ता वसतिगृहाच्या नळावर विचारून आले. ‘दा’.

गडगा_नदी
मग कोरकूच, ताई. गोंडी द्राविडी कुळातली, कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी दोघींचंही नातं नाही. गोंडी शब्द पाठ करून गेलात तर पोट्टे नुसते हसतील. कोरकूत लिंगभेद सजीव-निर्जीवाचा. आपलं तो-ती-ते त्यांना पाठच करावं लागते. ‘भाकर कापला’ म्हटलं की काही शिक्षक लगेच टोकतात, आख्खा वर्ग खिदळतो, अन् त्या पोराचा हात पुन्हा वर येत नाही. गणिताच्या तासाला व्याकरण सुधारू नका. उत्तर बरोबर असेल तर तुम्हीच म्हणा, ‘बरोबर, भाकर कापली’, अन् पुढं चला.

सातपुडा
संख्यानामंही बघा. एकोणचाळीस म्हणताना चाळीस ऐकू येते, लिहायचे मात्र ३९. मराठी घरातली पोरंही तिथे अडकतात.

रचनावादी
म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’सारखी वाचनाची पद्धत दिली, आणि लोकांनी मराठी बुडाली म्हणून बोंब ठोकली.

सातपुडा
ठोकणारच! बाजारात ‘वीस पाच’ कोण म्हणतो? दोन्ही शिकवा की.

खडू_डस्टर
तो वाद दुसऱ्या धाग्यावर न्या.

ताई, पाठ असा बसवा. कागदाच्या पट्ट्या, लांबी २४ सेंमी, रुंदी ३. चोवीसच का, तर २, ३, ४, ६, ८ नं सारखी वाटली जाते. जोडीला तीन पट्ट्या. एक अख्खी. दुसरी मधोमध दुमडून अर्धी फाडायची, १२ सेंमी. तिसरीचा तिसरा भाग, ८ सेंमी. तीन भागांत दुमडणं चुकतेच, म्हणून ८ आणि १६ वर आधी पेन्सिलची खूण करू द्या. १/२ आणि १/३ चे तुकडे अख्ख्या पट्टीवर टोकाला टोक लावून ठेवायचे. २० सेंमी भरते. मग दर ४ सेंमीवर खूण करून घरं पाडली की अशी पाच घरं, अख्ख्या पट्टीत सहा, म्हणजे ५/६.

इथे पोरं हमखास २/५ लिहितात, वरचे वर मिळवतात, खालचे खाली. चूक म्हणू नका. २/५ म्हणजे ९.६ सेंमी, पट्टीवर खूण करायला सांगा. अर्ध्या तुकड्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे त्यांना डोळ्यांनी दिसते.

प्रश्न विचारला की लगेच हात वर करायला लावू नका. दोन मिनिटं जोडीत कोरकूत बोलू द्या. नंतर उत्तर तोंडी मागू नका, पट्टी वर धरायला सांगा. शाब्दिक उदाहरणातले ‘त्यापैकी’, ‘उरलेला’, ‘प्रत्येकी’ हे तीन शब्द फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात आधीच लिहा. अडतात ते बहुधा तिथेच.

पाठटाचण_पंच
मराठी माध्यमाच्या पाठात कोरकू बोलू दिलं तर निरीक्षक गुण कापतील.

खडू_डस्टर
काहून कापतील? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९(२) मध्ये शक्य तिथवर मातृभाषा असं लिहिलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण किमान पाचवी, शक्यतो आठवीपर्यंत म्हणते. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात ‘जोडीत मातृभाषेत चर्चा, २ मिनिटे’ असं लिहून गुरुवारी सही घ्या. सही असलेल्या कृतीवर शुक्रवारी वाद होत नाही.

कानमंत्र
मुलीबद्दल कुणीच बोललं नाही. ताई, ती वसतिगृहात मैत्रिणींशी बोलते का?

टाचणवही
मैत्रिणींशी बोलते. माझ्याशी आणि सरांशी नाही.

कानमंत्र
मग अहवालात ‘न्यूनगंड’ लिहू नका. पाच दिवस वर्गात, जेवणाच्या रांगेत आणि मैदानावर दहा-दहा मिनिटं बघा, दिसलं तेवढंच लिहा. कारण शेवटी. कान वाहतात का, मागून हाक मारली की वळते का, हेही बघा. शंका आली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येते, मुख्याध्यापकांमार्फत त्यांना दाखवा. वहीत नाव-गाव नको, फक्त ‘विद्यार्थिनी अ’.

आणि मार्गदर्शन-समुपदेशनाचा एक पेपर दिल्यानं कुणी समुपदेशक होत नाही. अत्याचारासारखं काही तिनं सांगितलंच, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, खोदून खोदून विचारू नका. पॉक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ लिहून ठेवा.

पेपर_दोन
पॉक्सोवर टीईटीत प्रश्न येतो का?

टाचणवही
३४ मुलांना कागद किती लागतील? इथे दुकान लांब आहे.

खडू_डस्टर
१७ जोड्या, ५१ पट्ट्या. ए-फोरच्या रुंदीत ३ सेंमीच्या सात बसतात, लांबी २४ वर कापा. आठ कागद आणा, पाच पट्ट्या उरतील, त्या फाटणाऱ्यांसाठी. आणि बुधवारी संध्याकाळी एक पट्टी स्वतः दुमडून बघा.